चोकेकिरावची वाट आणि अंड्यांची बादली

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गोष्टीची पुस्तकं बरीच नंतर आली. आधी आले ते छापखान्यातून आणलेले गठ्ठे, गुलाबी आणि पिवळ्या स्वस्त कागदाचे, शाईचा वास येणारे. बाबा मार्केट यार्डातल्या हमालांच्या संघटनेचं काम करायचे. लिहायचे ते, घड्या घालायचो आम्ही. जेवणं झाली की आई ताटं उचलायची आणि बाबा त्याच जागी गठ्ठा टाकायचे. एक घडी आडवी, एक उभी. घडी घालता घालता मी वाचायचे, त्यामुळे 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी आले. पहिलीत बाईंनी माझी शाळा या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा तिसऱ्याच ओळीत मी मुलींच्या मुतारीच्या दुरवस्थेबद्दल जाब विचारला होता. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं मुतारी बघितली आणि ती माझ्याच बाजूनं भांडून आली.

आजोबा, ज्यांना बाबा आप्पा म्हणायचे, त्याच यार्डात हळदीची पोती वाहायचे. त्यांच्या सदऱ्याची पाठ कितीही धुतली तरी पिवळी राहायची. खांद्याच्या वर, मानेच्या मुळाशी त्यांना घट्टा पडलेला होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायचे आणि त्यांना ते कळायचंसुद्धा नाही. काम सुटल्यावर त्यांनी स्वतःची पिशवी कुणाला उचलू दिली नाही. आम्ही नातवंडं हट्ट करायचो तर म्हणायचे, ठेव खाली, मी आयुष्यभर दुसऱ्याचं वाहिलं, आता माझं तुला कशाला देऊ. बाबांच्या पत्रकांचे मथळे बदलायचे, आतली मागणी तीच असायची: पोत्याचं वजन कमी करा.

अशा घरात वाढलेल्या माणसाचा एखादा तरी नियम हाडात बसतो. माझा बसला तो असा, की आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं नाही. स्टेशनवर हमाल करायचा नाही. उपग्रहांशी बोलणारं सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरीसाठी मी डार्मश्टाटला आले, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेलं घर मिळालं, तेव्हासुद्धा ऑफिसातल्या मित्रांना मी येऊ दिलं नाही. एक एक खोकं करत दिवसभर जिने चढले. दुसऱ्या मजल्यावर राहणारी सत्तरीची शेजारीण तिच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालत हे सगळं बघत होती. शेवटच्या खोक्याला ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. ज्याचं त्यानं वाहावं." जर्मनीत मला पहिल्या दिवशी समविचारी माणूस भेटलं. आम्ही एकमेकींना गमतीनं फ्राऊ नाखबारिन, म्हणजे शेजारीणबाई, म्हणायला लागलो आणि पुढे तेच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात मी संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात जायला लागले. तिथल्या शिक्षिकेनं एकदा एक फोटो दाखवला. अँडीज पर्वतात एका धारेवर इंकांनी बांधलेलं शहर, चारही बाजूंना दरी, आजूबाजूला जंगल, आणि फोटोत एकही माणूस नाही. चोकेकिराव. पेरूमधली प्रसिद्ध वाट वेगळी आहे. तिथं कंपनीमार्फतच जावं लागतं आणि कंपनीबरोबर हमाल येतात, पाहुण्यांचे तंबू, भांडी, खुर्च्यासुद्धा पाठीवर घेऊन पाहुण्यांच्या पुढे पळणारे. ते ऐकूनच मी ती वाट रद्द केली होती. चोकेकिरावला मात्र एकट्यानं जाता येतं. आपला तंबू, आपली सॅक, आपले पाय. डोंगराच्या खांद्यावरून थेट नदीपर्यंत उतरायचं आणि समोरचा तसाच डोंगर चढायचा. मी त्याच आठवड्यात ऑफिसात रजेचा अर्ज टाकला.

बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी उंची विचारली नाही, थंडी विचारली नाही. म्हणाले, "तिथं राजाचं नाव लिहिलेलं असेल. दगड कुणी वाहिले ते बघून ये."

तयारी डार्मश्टाटजवळच्या ओडेनवाल्डच्या टेकड्यांवर केली. दर रविवारी शेजारीण आणि मी गाडीनं पुढच्या एखाद्या गावापर्यंत जायचो आणि चढायला लागायचो. ती तिच्या जुन्या चामडी बुटांत, पाठीवर छोटी सॅक, त्यात थर्मास, पाव आणि उकडलेली अंडी. मी पाठीवर वजन असावं म्हणून फ्रँकफर्टच्या भारतीय दुकानातून आणलेल्या कणकेच्या पिशव्या भरलेल्या. पहिल्याच रविवारी वर पोचल्यावर तिनं माझी सॅक उघडायला लावली आणि आत बघून विचारलं, वर येऊन पाव भाजणार होतीस का? मी एकटी पेरूला जाणार आहे, हे सांगितल्यावर माझ्या ओळखीतलं प्रत्येक माणूस 'एकटीच?' म्हणालं होतं. ती म्हणाली, "एकटी? छान. मग मध्ये मध्ये कुणी बोलत नाही." आणि अंडं सोलायला लागली.

माझ्या नियमाला पहिला धक्का बसला तो एश्बॉर्नमध्ये, पाडव्याच्या कार्यक्रमात. आमच्या भागातली मराठी मंडळी तिथं एक हॉल भाड्यानं घेतात. तिथले एक काका, म्हणजे परदेशात वयानं मोठा प्रत्येक मराठी माणूस काका होतो तसे, कुठल्याशा कंपनीत कन्सल्टंट आहेत आणि सल्ला देणं त्यांना घरीही थांबवता येत नाही. माझा बेत ऐकून ते म्हणाले की तिथं खेचरं मिळतात, टाक सामान खेचरावर आणि हात हलवत जा. मी हातात श्रीखंडाची वाटी घेऊन उभी होते. मी बोलायला लागले. हमालीवर बोलले, पर्यटनावर बोलले, पाठ विकावी लागणाऱ्या माणसांवर आणि बोलता न येणाऱ्या जनावरांवर बोलले. आजूबाजूची चार माणसं जेवायची थांबली. काका शांतपणे ऐकत होते.

"छान बोललीस," ते म्हणाले. "आता हातातलं श्रीखंड. काकूनं काल रात्री चक्का टांगला, सकाळी उठून फेटला. ते ओझं कुणाच्या पाठीवर?"

सगळे हसले. काकूही हसल्या. ते हसणं मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे आमच्या घरात अशा वेळी करतात. पत्रक काढलं. मथळा: माझं ओझं माझ्याच पाठीवर. खाली तीन परिच्छेद. हमाल नाही, खेचर नाही, कंपनी नाही. मी चोकेकिरावला माझं सगळं सामान स्वतः वाहून नेईन, आणि यात तसूभर फरक झाला तर तसं याच ठिकाणी जाहीर करीन. ते आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. काकांना खेचराचं चित्र मिळालं नसावं. त्यांनी गाढवाचं टाकलं आणि खाली लिहिलं, फोटो टाक, याच्यासकट.

आता माघार नव्हती. हौस म्हणून काढलेली सहल माझ्या शब्दाची परीक्षा झाली. मनात असंही होतं की मी ती सॅक वर नेली, तर आजोबांच्या पाठीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं होईल. हे मी कुणाला सांगितलं नाही, पत्रकातही लिहिलं नाही.

निघायच्या आधी काकू मुद्दाम एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडून डार्मश्टाटला आल्या. मराठी माणूस कुठंही निघाला की त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचंच, ही आपल्याकडची रीत त्यांनी युरोपात पंचवीसेक वर्षं नेटानं चालवली आहे. त्यांनी कुठल्या कुठल्या ग्रुपमधून लिमा शहरात राहणारं एक मराठी कुटुंब शोधून काढलं होतं. त्यांच्यासाठी गोडा मसाला आणि बाकरवडी. माझ्यासाठी डिंकाचे लाडू, चिवडा आणि स्टीलच्या गोल डब्यात मेतकूट. मी म्हटलं, काकू, मला हे सगळं पाठीवर न्यायचंय. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? तूच म्हणालीस ना, तुझं ओझं तुझ्याच पाठीवर." काका-काकूंचं हे घर दोन्ही बाजूंनी कापतं.

मला वाटलं लिमाला पोचल्यावर निम्मं वजन उतरेल. त्या घरातल्या वहिनींनी मसाल्याचा वास घेतला, डोळे मिटले, आणि मग माझे रिकामे डबे स्वयंपाकघरात नेऊन भरून आणले. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे लिमामध्येही लागू आहे. किन्व्हाचे लाडू, गूळपापडी आणि भाजलेले मक्याचे दाणे. मी आले होते त्याहून जड होऊन डोंगराकडे निघाले.

वाट एका खिंडीपासून सुरू होते. समोर बर्फाची शिखरं आणि खाली, इतकी खाली की पाण्याचा आवाज वर येत नाही, अपुरीमाक नदी. पहिला दिवस नुसता उतरण्याचा. सह्याद्रीत उतरण संपते, इथं संपत नाही. एक वळण घेतलं की खाली दुसरं वळण आपली वाट बघत बसलेलं. गुडघे बोलायला लागले. वाटेत खेचरांचे तांडे भेटायचे. त्यांच्यामागून मोकळ्या हातानं येणारे पाहुणे मला बघून थांबायचे, सॅक बघायचे आणि विचारायचे, एकटीच? मी मान ताठ करून हो म्हणायचे आणि ते वळणाआड गेले की खाली बसायचे. पण खरं सांगते, मजा येत होती. आपल्याच पायांचा आवाज आणि दरी. मध्ये मध्ये कुणी बोलत नाही.

संध्याकाळी नदीच्या वरच्या अंगाला एका घराच्या अंगणात तंबू ठोकला, दोन लाडू खाल्ले आणि झोपले. सकाळी उजाडता उजाडता पूल ओलांडला. नदीकाठच्या बारीक माश्यांनी चावून हातापायांवर आपापली पत्रकं छापली. मग चढ सुरू झाला.

त्या चढाबद्दल मी फार लिहिणार नाही. तो सरळ आहे, त्याला सावली नाही आणि त्याला माझ्या विचारसरणीशी काही घेणंदेणं नाही. ऊन वर आलं तसा माझा वेग मुंगीचा झाला. सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते. मी आजोबांचा विचार करत होते आणि तो विचारही जड होत चालला होता. एका वळणावर एकदम हिरवंगार काहीतरी दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. ऊस होता. अँडीजच्या उतारावर, हातभर सपाटीवर, आमच्या सांगलीचा ऊस. शेजारी लाकडाचा छोटा चरक, एक पत्र्याचं छप्पर, कोंबड्या, बांधलेली दोन खेचरं. सांता रोसा म्हणतात त्या जागेला. मी सॅकसकट खाली बसले, म्हणजे खरं तर सॅकनं मला खाली बसवलं.

तिथं राहणारी बाई माझ्याहून थोडी मोठी असेल. डोक्यावर गोल हॅट, दोन वेण्या, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या रंगीत फडक्यात बांधलेलं झोपलेलं तान्हं बाळ. तिनं मला न विचारताच उसाचा रस आणून दिला. मग एका खेचरावर गॅसची टाकी आणि सरबताच्या बाटल्या बांधायला लागली. वरच्या वाडीत, म्हणजे चोकेकिरावच्या अलीकडच्या शेवटच्या वस्तीत, तिची बहीण राहते आणि येणाऱ्या पाहुण्यांना जेवण करून घालते. हे सामान तिच्यासाठी. दुसरं खेचर रिकामंच वर जाणार होतं, येताना बहिणीचे बटाटे आणायला.

शेवटी तिनं छपराखालून एक बादली आणली. मक्याच्या पानांत रचलेली अंडी. बादली हातात घेऊन ती दोन खेचरांकडे बघत उभी राहिली आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं.

माझं स्पॅनिश डार्मश्टाटचं, तिचं केचुआ या तिथल्या डोंगरी भाषेतून आलेलं. दोघींनाही ती भाषा परकी होती, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. तिनं सांगितलं की बहिणीच्या कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या आणि वर दहा-बारा पाहुणे आलेत. अंडी खेचरावर चालत नाहीत, कारण खेचर कड्याला अंग घासत चालतं. एरवी ती स्वतः पाठीवरच्या फडक्यात बांधून नेते. आज फडक्यात लेक आहे आणि हातात दोन्ही खेचरांचे दोर.

"अंडी तू घे," ती म्हणाली. "तुझी सॅक या रिकाम्यावर टाकू."

मी नाही म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की तिला वाटलं मला समजलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं, हळू, हातवारे करून. मी पुन्हा नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. माझे आजोबा हमाल होते. माझे बाबा हमालांसाठी लढतात. मी माझं ओझं कुणाच्या पाठीवर टाकत नाही, माणसाच्या नाही आणि खेचराच्याही नाही. हे सगळं मी बसल्या बसल्या, तोंडाला उसाचा फेस लागलेला असताना, व्याकरणाच्या चिंध्या करत सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या सॅकचा पट्टा धरून ती थोडी उचलून बघितली.

"आत काय आहे? दगड?" ती म्हणाली. "वर दगड भरपूर आहेत."

मला हसू आलं, पण मी हलले नाही. डोळ्यांसमोर काकांचं गाढव उभं होतं. मी म्हटलं, मी सॅक पाठीवर घेते आणि बादली हातात घेते. तिनं बादली माझ्या हातात दिली आणि बघत उभी राहिली. मी सॅक चढवली, उठले, दोन पावलं टाकली. चालायच्या काठ्या न धरता, एका बाजूला बादली घेऊन, त्या चढावर सॅकनं मला असं मागं ओढलं की मी कोंबड्यांमध्ये बसकण मारली. बादली मात्र हवेत सरळ धरलेली होती. कोंबड्या ओरडत पळाल्या, बाळ जागं झालं, आणि ती बाई इतकी हसली की तिला चरकाला टेकावं लागलं.

हसणं थांबल्यावर ती माझ्यासमोर उकिडवी बसली.

"तू म्हणतेस मी तुझं वाहतेय," ती म्हणाली. "मी कुठं वाहतेय? तू माझं वाहणार आहेस. आज तू, उद्या मी. आमच्याकडे याला आयनी म्हणतात."

"उद्या मी इथं नसेन."

"मग दुसरी कुणीतरी असेल," ती म्हणाली आणि बाळाला थोपटायला लागली.

ज्या शब्दावर मी थांबले तो तिचा नव्हता, आमचाच होता. सावड. आजोबा यार्डात यायच्या आधी गावात त्यांची थोडी कोरडवाहू जमीन होती आणि बैल एकच. शेजाऱ्याचाही एकच. आज दोन्ही बैल आमच्या शेतात, उद्या दोन्ही त्यांच्या. पैसे नाहीत, उपकार नाहीत. आजोबा हे सांगताना आवाज बदलायचा त्यांचा, यार्डातल्या गोष्टी सांगताना जसा असायचा तसा नसायचा. मी बाबांची शेकडो पत्रकं घडी घातली होती. लादलेल्या ओझ्याबद्दल त्यांत सगळं होतं. सावडीबद्दल एक ओळ नव्हती. आणि मी त्या पत्रकांवरच वाढले होते.

मी सॅक उतरवली. खेचरावर बांधायच्या आधी सगळे डबे काढून वजन दोन्ही बाजूंना सारखं केलं, तिनं सांगितलं तसं. खेचरानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मेतकुटाचा वास आला असावा.

पाठ मोकळी झाली म्हणून चढ सोपा झाला असेल असं कुणाला वाटेल. सॅक पडली तरी चालते. अंडी पडून चालत नाहीत. मी त्या डोंगरावर जितकं जपून पाऊल टाकलं तितकं आयुष्यात कधी टाकलं नसेल. एक हात दमला की दुसरा, दुसरा दमला की बादली पोटाशी धरून. घसरणीच्या जागी ती पुढून ओरडायची, अंडी सांभाळ. मी काय, माझं सांभाळायला मीच होते. दुपार कलल्यावर आम्ही वाडीत पोचलो. बहिणीनं बादलीत हात घालून एक एक अंडं उजेडात धरलं. एकालाच तडा गेला होता. ते तिनं तिथल्या तिथं तव्यावर फोडलं आणि वर मीठ टाकून मला खायला दिलं. मी मेतकुटाचा डबा उघडला. दोघी बहिणींनी बोटाला लावून चाखलं, आपसांत केचुआत काहीतरी ठरवलं आणि डबा आत नेला. सकाळी तो बटाट्यांनी भरून परत आला. वर पुडीत माझं उरलेलं मेतकूट.

दुसऱ्या दिवशी मी सॅक पाठीवर घेतली आणि एकटी चोकेकिरावला गेले. बहिणीनं ती तिच्याकडे ठेवायला सांगितली होती. मी म्हटलं, एवढं शेवटचं माझं मला नेऊ दे. हट्ट सगळा जात नाही. धुकं उठत होतं. वळण संपलं आणि गवताचं मोठं मैदान समोर आलं, त्याच्या कडेनं दगडी घरं, उतरत्या छपरांचे त्रिकोणी माथे तसेच उभे, दारातून थेट दरी दिसते. फलकावर राजांबद्दल लिहिलं होतं. दगड कुणी वाहिले, याबद्दल फलक गप्प होता. बाबांनी सांगितलं होतं तसंच.

मग मी पलीकडच्या उताराच्या पायऱ्या उतरून शेताच्या टप्प्यांकडे गेले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. तिथं करड्या दगडांच्या भिंतींत पांढरे दगड बसवून चित्रं काढलीत. एका टप्प्यावर एक, खालच्या टप्प्यावर दुसरं. लांब मान, चार पाय. लामा. या डोंगरात माणसांबरोबर ओझं वाहणारं जनावर. मी खालपासून वरपर्यंत बघितलं. राजा शोधला, देव शोधला. मला तरी दिसला नाही. डोंगराच्या पाठीवर एवढ्या मेहनतीनं ज्यांची चित्रं काढावीशी वाटली, ते ओझं वाहणारे होते. मी सॅक खाली ठेवली आणि जोरात हसले. आजूबाजूला कुणी नव्हतं. असतं तरी हसले असते.

कुस्को शहरात परतल्यावर नेटवर्क आलं. आधी बाबांना फोन केला. बादली, खेचर, सावड, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, शब्द मोडलास. ते आधी म्हणाले, "खेचराची युनियन आहे का तिथं?" मग म्हणाले, "आप्पा सांगायचे ते सावडीचं. मी कधी लिहिलं नाही. संपाच्या धामधुमीत राहून गेलं. आता तू लिही."

मग ग्रुपवर लामाच्या चित्राचा फोटो टाकला. खाली ठरल्याप्रमाणे जाहीर केलं: माझी सॅक सांता रोसापासून वरच्या वाडीपर्यंत खेचरानं वाहिली, मी एका बाईची अंडी वाहिली, पत्रकाचा मथळा मागे घेत आहे, मागणी कायम आहे. लादलेलं ओझं नको. वाटून घेतलेलं चालेल. काकांनी विचारलं, आणि श्रीखंड? मी लिहिलं, पुढच्या पाडव्याला चक्का मी टांगते आणि तुम्ही फेटता. त्यावर काकूंनी एकदम पाच टाळ्या टाकल्या. काकांनी काहीच टाकलं नाही. फेटायला मात्र आले.

डार्मश्टाटला आले तेव्हा शेजारीण रविवारची टेकड्यांवर जात नव्हती. उजवा गुडघा दुखत होता. डॉक्टर चालायला सांगतात, पण पाठीवर वजन नको म्हणतात, आणि दुसऱ्याच्या पाठीवर स्वतःचा पाव आणि थर्मास टाकून डोंगर चढणारी ती नाही. मी गेल्यापासून ती दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती, गरजेपेक्षा जास्त. मी तिला चोकेकिरावचे फोटो दाखवले आणि अंड्यांची गोष्ट सांगितली. तिनं ती दोनदा ऐकली.

पुढच्या रविवारी मी तिच्या दारात उभी राहिले. हातात काकूंचा डबा, त्यात उकडलेली अंडी. म्हटलं, फ्राऊ नाखबारिन, माझ्या सॅकमध्ये ही फुटतील. तुम्ही हातात धरा. तुमची सॅक माझ्याकडे द्या.

"उकडलेली अंडी फुटत नाहीत," ती म्हणाली.

"भारतीय अंडी आहेत."

ती मग आत गेली, सॅक घेऊन आली, तिच्यातून थर्मास काढून घेतला आणि सॅक माझ्या हातात दिली. "आल्झो गुट, बरं तर," ती म्हणाली. "पण कॉफी माझी मीच नेणार."

आम्ही फेल्सेनमेअरला, म्हणजे दगडांच्या समुद्राला, गेलो. टेकडीच्या उतारावर करड्या शिळांचा नुसता खच पडलाय, जणू कुणी पोतं उपडं केलं. मध्ये एक प्रचंड दगडी खांब आडवा पडला आहे. रोमन लोकांनी तो तासला, गोल केला, आणि मग तो कुणी नेलाच नाही. ती हळू चढत होती, एका हातात डबा, काखेत थर्मास, आणि दर थोड्या वेळानं डब्याला कान लावून अंडी ठीक आहेत का बघत होती. खांबाजवळ आम्ही बसलो. मीठ दोघीही विसरलो होतो, म्हणून मी पुडीतलं शेवटचं मेतकूट तिच्या अंड्यावर शिंपडलं. तिनं खाल्लं, विचार केला, आणि दुसरं अंडं पुढे केलं.

रविवारी शेजारणीकडे राहिलेला काकूंचा डबा मंगळवारी संध्याकाळी माझ्या दारात होता. आत आलुबुखाराचा केक, अजून कोमट.